आमंत्रण कोणाचं?

शिकाऱ्याला सगळ्यात जास्त गरज कशाची असते? पंजे, दात, चपळाई हे त्याच्याकडे असतंच. तरीही बरेचदा त्याचा डाव फसतो, कारण सावज कुठे येईल आणि कधी येईल हे त्याला ठाऊक नसतं. आपण बागेत रोज सकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी मूठभर दाणे टाकतो तेव्हा त्याची नेमकी ही अडचण दूर करतो. पक्षी उतरतात, माना खाली घालून टिपायला लागतात, एकमेकांशी भांडण्यात गुंग होतात. शिकारीच्या भाषेत या मांडणीला आमिष म्हणतात. आपण तिला भूतदया म्हणतो.

पक्ष्यांना दाणे घालूच नयेत, असं मी म्हणत नाही. मी स्वतः घालते, आणि माझ्या घरात मांजरही आहे. दोन्ही हौशी एका छपराखाली नांदू शकतात, फक्त त्याआधी एक गोष्ट मनाशी कबूल करावी लागते. रानात मांजरानं पक्षी धरला तर तो त्या दोघांमधला मामला. माझ्या फीडरखाली, म्हणजे दाणे ठेवायच्या टांगत्या भांड्याखाली, धरला तर त्यात मी तिसरी आहे, आणि दोष वाटायचाच झाला तर मोठा वाटा माझा. पाखरू तिथे माझ्या बोलावण्यावरून आलं होतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मनीनं एक चिमणी तोंडात धरून आणली आणि दिवाणखान्यात सोडली. चिमणी जिवंत होती. रक्त नाही, पंख मोडलेला नाही, डोळे टक्क उघडे. मी तिला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं, अंधारात शांत राहू दिलं आणि संध्याकाळी सोडून द्यायचं ठरवलं. घरात सगळ्यांना सांगूनही टाकलं की वाचली बरं का. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोक्यात मरून पडलेली होती. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात हे मला नंतर कळलं. दात सुईसारखे बारीक. पिसांखाली झालेलं भोक दिसतसुद्धा नाही, पण जंतू आत जातात आणि पक्ष्याच्या एवढ्याशा देहात ते एक-दोन दिवसांत सगळीकडे पसरतात. मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पक्ष्याला अंगावर ओरखडा दिसो वा न दिसो, प्रतिजैविक लागतं, म्हणजे पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं लागतं. ‘सोडलं आणि भुर्रकन उडून गेलं’ या गोड शेवटाच्या कितीतरी गोष्टींचा खरा शेवट कुठल्यातरी झुडपाखाली झालेला असणार.

त्यानंतर मी हिशेब ठेवायला लागले. वर्षभरात तीन पक्षी. तीन म्हणजे फार नव्हेत, अशी मनाची समजूतही घातली. पण घरी आलेली शिकार म्हणजे सगळी शिकार नसते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स इथे संशोधकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ४४ टक्के मांजरांनी शिकार केली. पण पकडलेल्या सावजांपैकी घरी आणली ती जेमतेम २३ टक्के. निम्मी जागच्या जागी टाकून दिली, उरलेली खाल्ली. ‘आमची मनी काही करत नाही हो’ म्हणणाऱ्या मालकांपैकी कितीजणांनी ते चित्रीकरण पाहून पुन्हा तसं म्हटलं असतं? मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे मिटलेले असतात मालकाचे.

आणि मारणं हा तरी या गोष्टीचा एक भाग झाला. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अभ्यासकांनी कस्तूर पक्ष्यांच्या घरट्यांजवळ पेंढा भरलेलं मांजर थोडा वेळ ठेवून पाहिलं. मेलेलं मांजर, ते काय करणार! ते उचलून नेल्यानंतरही आईबाप पिल्लांना चारा आणायला बिचकत राहिले आणि चाऱ्याच्या खेपा सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. शिवाय मांजराला पाहून त्यांनी जो आरडाओरडा केला, त्यामुळे घरट्याचा पत्ता कावळ्याच्या जातीतल्या लुटारूंना लागला आणि पुढे घरटी लुटली गेली. म्हणजे भिंतीवर नुसतं ऊन खात बसलेलं मांजरही फुकट बसलेलं नसतं. या अभ्यासानं माझं ‘ती फक्त बघते, तिला बघू दे’ हे वाक्य कायमचं बंद केलं.

आता घंटेकडे वळू. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांच्या सभेत अनुत्तरित राहिला. माणसानं तो सोडवला, घंटा बांधली, आणि विषय संपल्यासारखा तो झोपी गेला. पण घंटेचं काम खरंच होतं का? याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घंटेमुळे घरी आणलेल्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एक्झिटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात घंटेचा ठळक परिणामच आढळला नाही. हे मला फारसं नवल वाटत नाही. दबा धरून बसलेलं मांजर हलत नाही, आणि हलत नाही तोवर घंटा वाजत नाही. वाजते ती शेवटच्या झेपेला. तोवर उशीर झालेला असतो.

त्याच एक्झिटरच्या अभ्यासात दुसऱ्या काही गोष्टी मात्र उपयोगी पडल्या. पट्ट्यावर चढवायचं भडक रंगांचं कापडी वेष्टण असतं. ते घातलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले. पक्ष्यांना रंग आपल्याहून चांगले दिसतात, त्यामुळे गवतातून सरकणारं लालपिवळं कडं त्यांना लांबूनच कळतं. मांजर त्यात विदूषकासारखं दिसतं आणि मालकांना ते आवडत नाही. पक्ष्यांना आवडतं, एवढं पुरे. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर एकूण शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. मांजराशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. आणि ज्यातून खटपट करून खाणं काढावं लागतं अशी कोड्याची भांडी ठेवल्यावर शिकार उलट ३३ टक्क्यांनी वाढली! चांगल्या हेतूनं केलेलं सगळंच चांगलं होत नाही, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही. (पट्टा घालायचाच तर ताण पडल्यावर आपोआप सुटणारा असावा. फांदीत अडकून फास बसलेल्या मांजराचा जीवही जीवच आहे.)

पण हे आकडे नीट वाचा. ४२ टक्के कमी म्हणजे ५८ टक्के शिल्लक. यातला एकही उपाय शून्यावर नेत नाही. दाण्यांपाशी होणारी शिकार शून्यावर नेणारा उपाय एकच आहे, आणि त्याला काही विकत आणावं लागत नाही: पक्षी बाहेर असतील तेव्हा मांजर आत. पहाटेपासून दाणे टिपून होईपर्यंत, आणि पुन्हा संध्याकाळी अंधार पडेपर्यंत. माझी मागणी इतकीच आहे. ज्यांना मांजर चोवीस तास घरात ठेवणं जमतं त्यांनी जरूर ठेवावं; पण निदान ज्या वेळी आपण स्वतः पक्ष्यांना बोलावतो त्या वेळी तरी दार लावून घ्यायला काय हरकत आहे?

यावर पहिला आक्षेप मांजरप्रेमींचा असतो, आणि तो मला आतून माहीत आहे. मांजर हा स्वतंत्र बाण्याचा प्राणी, त्याला कोंडणं क्रूरपणाचं. मांजर माणसाच्या सोबतीला आलं त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली, आणि आपण त्याला जवळ केलं ते उंदीर मारण्यासाठीच. त्यामुळे शिकारीबद्दल त्याला दोष देणं म्हणजे विळीला धार का म्हणून रागावण्यासारखं आहे. पोट भरलेलं असलं तरी ते झेपावतं, कारण भूक आणि झेप या त्याच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळं मान्य. पण कोंडणं आणि घरात ठेवणं यात फरक आहे. उंच बसायला फळी, बाहेर बघायला खिडकी, नखं घासायला खांब, आणि रोज थोडा वेळ माणूस. इतकं मिळालं तर बरीचशी मांजरं आत रमतात, लहानपणापासून सवय असेल तर आणखीच. आमची मनी सुरुवातीचे दोन आठवडे दारापाशी बसून आक्रोश करायची. मला झोप नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तिनं खिडकी शोधली. बाहेर तिच्यासाठी गाड्या होत्या, बोक्यांच्या मारामाऱ्या होत्या, चावण्यातून पसरणारे रोग होते. ते स्वातंत्र्य तिच्यापेक्षा मलाच जास्त सोयीचं होतं, कारण मला तिच्या शी-शूच्या खोक्यातली माती बदलावी लागत नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पक्षी कमी होताहेत ते झाडं, कुरणं, पाणथळ जागा गेल्यामुळे, कीटकनाशकांमुळे; मांजराच्या माथी खापर फोडणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडणं. शिवाय मांजर दुबळ्यांनाच धरतं, ते तसेही मरणारच होते. यात तथ्य आहे. ब्रिस्टलमधल्या २००८ च्या अभ्यासात मांजरांनी मारलेले पक्षी काचेवर वगैरे आपटून मेलेल्या पक्ष्यांपेक्षा अंगानं रोड असल्याचं दिसलंच होतं. उलट बाजूला अमेरिकेचा २०१३ चा प्रसिद्ध अंदाज आहे: मोकाट फिरणारी मांजरं तिथे वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यातले बहुतांश बेवारस मांजरं मारतात. एवढी रुंद दरी असलेल्या आकड्यावर कोणी रस्त्यावर उतरू नये, पण त्याचं खालचं टोकही दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

मात्र हा सगळा वाद जातींच्या संख्येचा आहे, आणि माझा मुद्दा तिथे नाहीच. मांजरांमुळे चिमण्यांची जात नष्ट होणार आहे असा माझा दावा नाही. समजा एकाही जातीला धक्का लागत नाही. तरीही मी हाक मारून बोलावलेला जीव माझ्याच दारात माझ्याच जनावरानं मारला, तर ‘एकूण संख्येवर परिणाम नाही’ हे उत्तर कोणाला देणार? आणि दुबळ्यांचं म्हणाल तर सगळ्यात दुबळी असतात नुकती घरट्याबाहेर पडलेली पिल्लं. बऱ्याच जातींची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस जमिनीवर, झुडपात उड्या मारत राहतात. ती रोगट नसतात. चार दिवसांनी तीच उत्तम उडतात. ते चार दिवस मिळाले तर.

इथवर प्रश्न आपल्या घरापुरता होता. तो सार्वजनिक होतो भिंतीपाशी. मी माझं मांजर आत ठेवलं, पण शेजाऱ्यांचा बोका? इथे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय दोन्ही बाजूंनी चालतो. बोक्याचे मालक म्हणतात, बोक्याला भिंत कळते का? दाणे घालणारे म्हणतात, मग बांधून ठेवा. कुत्र्याच्या बाबतीत हा वाद मिटल्यात जमा आहे: कुत्रं दुसऱ्याच्या अंगणात शिरून कोंबडी मारेल तर भरपाई मालकानं द्यायची, यावर कोणी हुज्जत घालत नाही. मांजराला मात्र आपण सगळ्या कुंपणांतून माफी दिली आहे. ही माफी कुठून आली? मला वाटतं, केवळ मांजर अडवणं अवघड आहे म्हणून. जे अडवणं अवघड, त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असं आपण सोयीनं ठरवलं.

कायद्यानं हे सुटेल का? १९४९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळानं मांजरांना मोकाट फिरण्यापासून रोखणारं विधेयक मंजूर केलं. हेतू कीटकभक्षी पक्ष्यांचं रक्षण हा. गव्हर्नर अडलाई स्टीव्हनसन यांनी ते परत पाठवलं. थोडंफार एकट्यानं भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे, असं त्यांनी लिहिलं. आणि मांजर विरुद्ध पक्षी या जुनाट भांडणात सरकारनं पडायचं, तर उद्या कुत्रा विरुद्ध मांजर, पक्षी विरुद्ध पक्षी, पक्षी विरुद्ध किडा यांतही निवाडा द्यावा लागेल, अशी कोपरखळी मारली. ते पत्र अजून हसत हसत वाचलं जातं आणि मलाही आवडतं. पण त्यात एक लबाडी आहे. किडा आणि पक्षी यांच्यामध्ये माणूस नसतो. पाळीव मांजर आणि पक्षी यांच्यामध्ये असतो. मांजराला तोच पोसतो, तोच दार उघडतो.

याच्या उलट टोक जर्मनीतल्या वाल्डोर्फ गावाचं. तिथे २०२२ साली, जमिनीवर घरटं करणाऱ्या आणि त्या भागात अगदी थोड्या उरलेल्या तुरेवाल्या चंडोलांसाठी, वसंतापासून ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं घरात ठेवण्याचा हुकूम निघाला. मालक खवळले. मला हुकूम योग्य वाटतो, कारण तो मर्यादित होता: ठरावीक भाग, ठरावीक महिने, ठरावीक पक्षी. जिथे एकेक घरटं मोलाचं आहे तिथे सरकारनं पडावं. बाकी ठिकाणी मला शेजारधर्मावर जास्त भरवसा आहे, आणि त्या धर्मात पहिलं पाऊल दाणे घालणाऱ्यानं उचलायचं आहे. फीडर मी लावला. म्हणून शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्याआधी मी माझी मांडणी तपासायला हवी.

आणि मांडणीतच बहुतेकजण चुकतात. पक्ष्यांना आडोसा हवा म्हणून आपण फीडर दाट झुडपाला खेटून टांगतो. तोच आडोसा मांजराला दबा धरायला मिळतो. पक्ष्याला पळून जाऊन लपता येईल इतकं झुडूप जवळ हवं, पण मांजराची एक झेप पोचणार नाही इतकं लांब. दोन-तीन मीटर हे अंतर साधारण जमतं. फीडर उंच, गुळगुळीत खांबावर असावा आणि खांबाला मध्ये पत्र्याचा उलटा शंकू बसवावा. झाडाच्या फांदीला टांगलेला फीडर म्हणजे मांजरासाठी शिडी लावून ठेवलेला फीडर. खरा धोका मात्र वर नसतो, खाली असतो. सांडलेले दाणे टिपायला होले आणि चिमण्या जमिनीवर उतरतात आणि तिथेच धरल्या जातात. म्हणून खाली सांड झेलणारं ताट हवं, एका वेळी थोडेच दाणे हवेत, आणि आजूबाजूच्या जमिनीवर काटेरी छाटण पसरलेलं हवं. बाग त्यानं सुंदर दिसत नाही. पाण्याच्या भांड्याला हेच सगळं लागू, किंबहुना जास्तच. भिजलेल्या पंखांनी पक्ष्याला झटकन उठता येत नाही.

काचेचं वेगळं सांगते, कारण ते उलटं वाटतं. फीडर एक तर खिडकीपासून एक मीटरच्या आत असावा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. अगदी जवळून दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच नसते. मधल्या अंतरावरून तो पूर्ण वेगानं काचेवर येतो. आणि आपटून खाली गुंगलेला पक्षी हे मांजराला आयतं ताट. तसाच आजारी पक्षी. पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून फीडरवर बसून राहिलेला पक्षी माणसाला पाहूनही उडत नसेल, तर त्याला माया लागलेली नसते, तो आजारी असतो. फीडर घासून स्वच्छ केला नाही की हे रोग तिथूनच पसरतात. २०२१ मध्ये अमेरिकेत रानपक्ष्यांमधून साल्मोनेला नावाचा रोगकारक जिवाणू १२ राज्यांतल्या माणसांपर्यंत पोचला होता. अशी पाखरं खाऊन मांजरंही तापानं फणफणतात. आजारी पक्षी दिसला की फीडर उतरवायचा, धुवायचा, काही दिवस रिकामा ठेवायचा.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात. बागेतलं कुत्रं सहसा पक्षी धरत नाही, पण हुसकावतं, आणि जमिनीवरच्या घरट्यांची वाट लावतं. सिडनीजवळच्या रानात २००७ च्या एका अभ्यासात, पट्ट्याला बांधलेलं कुत्रं फिरवून आणल्यावर सुद्धा तिथल्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. तेव्हा ‘आमचा टॉमी गरीब आहे’ हे पक्ष्यांना सांगून उपयोग नाही. दाण्याच्या वेळी टॉमीही आत.

इतकं करूनही कधी कधी एकच इलाज उरतो: दाणे बंद करणं. हे सांगितलं की लोक कळवळतात, पाखरं उपाशी मरतील म्हणून. सहसा मरत नाहीत. पक्षी एकाच ताटावर जगत नाहीत. आपलं ताट त्यांच्या दिवसभराच्या फेरीतला एक थांबा असतो. आपल्यावाचून त्यांचं अडतं हा समज आपल्याला सुखावतो, इतकंच. अपवाद कडाक्याच्या थंडीचा. तेव्हा दाणे बंद न करता मांजर बंद करावं.

गेल्या हंगामात माझ्यावर ती वेळ आली. अंगणात पिल्लं उतरली होती, आणि शेजारचा बोका रोज सकाळी साडेसहाला, माझ्या दाणे टाकण्याच्या वेळेला, भिंतीवर हजर व्हायचा. मालकांशी बोलून झालं. ते चांगले लोक आहेत. हसले आणि म्हणाले, तुम्ही बोलावता म्हणून तो येतो. राग आला, पण खोटं काय होतं त्यात? मी फीडर रिकामा केला. बोका येत राहिला. साडेसहा ते सात, शेपटी पायांभोवती गुंडाळून, रिकाम्या फीडरकडे पाहत. मनी आतून खिडकीतून त्याच्याकडे पाहायची. अकराव्या दिवशी तो आला नाही. मी आणखी चार दिवस थांबले, मग खांब झुडपापासून आणखी दोन हात लांब रोवला आणि दाणे भरले. आता भरते ते कधी आठला, कधी दहाला, कधी एखादा दिवस नाहीच.